जुन्या माळवदाचं लाकूड कापायचंय? मशीन घेण्याआधी फोन फिरवा

लासूर स्टेशन आणि आजूबाजूच्या गावांत जुनी धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहतायत. घर पाडून होतं, पण अंगणात लाकडाचा ढीग उरतो: तुळया, खांब, फळ्या, किलचन. टेम्पोत मावेल एवढे तुकडे करायचे, तर मशीन कोणती? व्हिडिओ बघितले तर कुणी मार्बल कटर दाखवतो, कुणी ग्राइंडरला दातेरी ब्लेड लावतो. दोन्ही बघायला सोपं वाटतं, पण दोन्हीत बोटं जाऊ शकतात.

आधी ठरवा, कापायचं काय?

चांगली सागवानी तुळई कापूच नका. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आधी अख्खी दाखवा. लांब, सरळ तुळईला भाव असतो. तिचेच दोन-दोन फुटांचे तुकडे केले की ते जळणाच्या भावात जातं. कापायचं ते फक्त वाळवी लागलेलं, तडकलेलं आणि वाकडं लाकूड.

खरी अडचण खिळ्यांची

नवीन फळी आणि माळवदाचं लाकूड यांत मोठा फरक आहे. जुन्या लाकडात गंजून आत तुटलेले खिळे असतात, फटीत पांढरी माती आणि खडे अडकलेले असतात. म्हणजे ब्लेड लाकडातून जाता जाता अचानक लोखंडावर आपटणार. त्या क्षणी मशीन काय करेल, यावरच निवड ठरते.

इथे थोडं गणित करू. ब्लेडच्या कडेचा वेग म्हणजे परीघ गुणिले फेरे.

- मार्बल कटर: ११० मिमी ब्लेड, मिनिटाला साधारण १३,००० फेरे. कडेचा वेग ताशी सुमारे २७० किमी.
- ७ इंची सर्क्युलर सॉ: १८५ मिमी ब्लेड, साधारण ५,००० फेरे. ताशी सुमारे १७५ किमी.
- रेसिप्रोकेटिंग सॉ: ब्लेड गोल फिरत नाही, पुढे-मागे होतं. २८ मिमीचा स्ट्रोक, मिनिटाला २,८०० वेळा. सरासरी वेग ताशी साधारण ९ किमी.

मार्बल कटर दगड-फरशीसाठी आहे. त्याच्या डायमंड ब्लेडला करवतीसारखे दात नसतात. तिथे दातेरी ब्लेड लावलं आणि दात खिळ्यात अडकला, तर मशीन हातातून उसळते. गार्डही सर्क्युलर सॉसारखा आपोआप बंद होत नाही. शिवाय कट जेमतेम ३०-३५ मिमी खोल जातो. पाच इंची तुळईला त्याचा काय उपयोग? अँगल ग्राइंडरचंही तेच, उलट जास्त धोक्याचं.

चेन सॉ जाड लाकूड झटपट कापते, पण एका खिळ्यात चेनची धार जाते. टोक कशाला लागलं तर मशीन थेट तोंडाकडे उसळू शकते.

मग घ्यायची कोणती?

या कामाला रेसिप्रोकेटिंग सॉ. दुकानात काही जण तिला सेबर सॉ म्हणतात. कट ओबडधोबड येतो, पण आपल्याला कुठे फर्निचर करायचंय? ब्लेड मात्र नीट मागा: बायमेटल, ९ किंवा १२ इंची, इंचाला ६ ते १० दात, खिळे असलेल्या लाकडासाठीचं. बायमेटल म्हणजे दात कडक हायस्पीड स्टीलचे आणि पाठ लवचिक. त्यामुळे खिळा कापला जातो आणि ब्लेड सहसा वाकून सुटतं. मशीनची पुढची पट्टी लाकडाला घट्ट टेकवून धरा, नाहीतर हात थरथरत राहील.

खिळे काढलेल्या फळ्या भरपूर असतील, तर सर्क्युलर सॉ वेगात काम उरकते.

वायरवाली मशीन साधारण १,००० वॅटची असते. ती घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवू नका आणि बारीक एक्स्टेंशन वायर टाळा. लाइटचा भरवसा नसेल तर बॅटरीवाली बघा, पण दोन बॅटऱ्या लागतील. काम दोन दिवसांचंच असेल तर आधी भाड्याने मिळते का विचारा.

आता फोन

बहुतेक स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्याचं रीडिंग दाखवतं. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. फोनचं मॅग्नेटवालं कव्हर काढा. आधी एक सुटा खिळा फोनभोवती फिरवून सेन्सर कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधा. मग तो कोपरा लाकडाला टेकवून हळूहळू सरकवा. आकडा अचानक बदलला की तिथे खडूने खूण करा. पहारीने, पकडीने निघेल तो खिळा काढा. नाहीतर कट चार बोटं बाजूला घ्या.

एक लक्षात ठेवा: फोनला पृष्ठभागाजवळचं लोखंडच कळतं. खोलवरचा बारीक खिळा सुटतो, पितळ-तांबं दिसत नाही. म्हणून फोनने तपासलं तरी ब्लेड खिळ्यांचंच लावा.

कापताना

तुळई दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापू नका. ती मध्ये खचते, फट मिटते आणि ब्लेड चिमटतं. आधाराच्या बाहेर आलेलं टोक कापा. चष्मा, मास्क, बंद बूट हवेतच. उपरणं, सैल बाह्या नकोत. ब्लेड बदलताना प्लग किंवा बॅटरी काढा.

आणि रंग दिलेलं किंवा वाळवीसाठी जळकं ऑइल लावलेलं लाकूड चुलीत घालू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं, आणि धूर-राखेतून ते घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतं. असा ढीग वेगळाच ठेवा.

थोडक्यात: विकण्यासारखं बाजूला काढा, उरलेल्यावर फोन फिरवा, खिळे काढा, मग रेसिप्रोकेटिंग सॉ चालवा. काम एखादा दिवस लांबेल, पण दहाही बोटं शाबूत राहतील.