जोडणी : संयोग की समवाय?

आपल्या न्याय-वैशेषिकांनी संबंधाचे दोन मुख्य प्रकार मानले. कापड आणि धागे यांचा समवाय, तो तोडला तर कापडच उरत नाही. झाड आणि त्यावर बसलेला पक्षी यांचा संयोग, तो जुळतो तसा सुटतो. वेब अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांची जोडणी म्हणजे संयोग. आपण तिला समवाय समजून धरून ठेवतो, आणि तिथंच घोटाळा होतो.

जोडणीला पाच गोष्टी लागतात : सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. पासवर्ड कोडमध्ये लिहू नये, बाहेरच्या सेटिंगमध्ये ठेवावा. पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट ५४३२, आणि मुळात जोडण्यांची मर्यादा १००.

आता ताडोब्याचं मोहर्ली गेट आठवा. आत ठरावीकच गाड्या सोडतात. सकाळची फेरी संपली की तीच गाडी दुपारी दुसऱ्यांना नेते. ‘कनेक्शन पूल’ तो हाच. थोड्या जोडण्या उघड्या ठेवायच्या, काम झालं की पुढच्याला द्यायच्या. पण हिशेब एकत्र करावा : अ‍ॅप्लिकेशनच्या चार प्रती, प्रत्येकीला ३० जोडण्या, म्हणजे १२०. दार तर १०० लाच बंद!

मध्येच चूक झाली तरी जोडणी परत गेलीच पाहिजे, आणि वाट पाहण्याला काही सेकंदांची मर्यादा हवी. नाहीतर भामरागडकडून दाखल्यासाठी आलेला माणूस फिरतं चक्र बघत बसतो आणि त्याची शेवटची बस निघून जाते. सोडणं हा जोडण्याचाच भाग आहे, एवढं आपण ध्यानात ठेवू.