बुशमधली पांढरी

'बुश' या शब्दाला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. जंगल म्हणावं, तर झाडं विरळ, ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. माळ म्हणावं, तर दर पंधरा-वीस पावलांवर झाड उभं. झुडपी रान हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. पण अडचण शब्दापुरती नाही. 'बुश' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस नसलेली जागा येते. सिंह, जिराफ, पिवळं गवत आणि लांबवर क्षितिज. सहलींच्या जाहिरातींतही तेच असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या निदान एका बुशबद्दल मी उलटं सांगणार आहे. तिथे कुठलं पाखरू कुठे भेटेल, हे काही शतकांपूर्वी तिथली माणसं आपली गुरं रात्री कुठे कोंडत होती, यावर बरंचसं ठरतं.

हे रान म्हणजे नाइल्सफ्ले. प्रिटोरियाच्या उत्तरेला मोटारीने दीड-दोन तासांवर, लिम्पोपो प्रांतात. पसारा सुमारे ४ हजार हेक्टरांचा. मधून वाहणाऱ्या नदीचं नाव नाइल. उत्तरेकडे वाहणारी ही नदी पाहून एकोणिसाव्या शतकात जेरुसलेमच्या शोधात निघालेल्या काही डच वंशाच्या कुटुंबांना ती इजिप्तचीच नाइल वाटली, असं सांगतात. जवळच्या टेकडीला त्यांनी पिरॅमिड मानलं म्हणे. नदीला चांगला पूर आला की पाणी पठारावर पसरतं आणि पाणपक्ष्यांची दाटी होते. त्यासाठीच १९९८ साली या जागेला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. इथल्या पक्ष्यांच्या यादीत साडेतीनशेहून जास्त जाती आहेत.

माझा पुतण्या प्रिटोरियात नोकरीला आहे. २०२२ च्या १६ डिसेंबरला शुक्रवार होता आणि त्या दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, म्हणून तीन दिवस सलग मिळाले. सिंह-हत्ती दाखवायला क्रूगरला नेतो, असा त्याचा आग्रह होता. मी नाइल्सफ्ले निवडलं, कारण इथे सिंह-हत्ती नाहीत आणि म्हणून पायी हिंडता येतं. गाडीच्या खिडकीतून पक्षी दिसतात, पण त्यांच्या पायाखालची माती दिसत नाही. मला माती पाहायची होती. मी पक्षिशास्त्राचा पदवीधर नाही, वाणिज्य शाखेचा आहे. जे थोडंफार कळतं ते वाचून आणि पायपीट करून. इथे यायच्या आधी काही वर्षं एक पुस्तक माझ्या उशाशी होतं, त्यामुळे हा हट्ट.

ते पुस्तक रॉबर्ट स्कोल्स आणि ब्रायन वॉकर या शास्त्रज्ञांचं, १९९३ साली प्रसिद्ध झालेलं. १९७० च्या दशकात नाइल्सफ्लेमध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. गवत आणि झाडं एकाच जमिनीवर शेजारी शेजारी कशी टिकतात, हा त्याचा मूळ प्रश्न. मातीतलं पाणी, पानांतलं नत्र, नाकतोडे, वाळवी, वणवे, सगळं वर्षानुवर्षं मोजलं गेलं. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. पाऊस एकच, वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या जरा वर; ऊन एकच; तरी रानं दोन.

पहिलं रान रुंद पानांच्या झाडांचं. वॉटरबर्ग डोंगराच्या वालुकाश्मापासून बनलेली रेताड माती, पोषणाला कंगाल. अशा मातीत झाडाला एकेक पान महाग पडतं. ते कुणी खाऊ नये म्हणून झाड त्यात तुरट द्रव्यं भरून ठेवतं. गवतही राठ, जनावरं त्याला नाइलाजाने तोंड लावतात.

दुसरं रान काटेरी. बारीक पानांची, बाभळीच्या कुळातली झाडं. नुसती कुळातली नव्हे, आपली बाभूळच तिथे आहे. जात तीच, पोटजात तेवढी वेगळी. (तिच्या शास्त्रीय नावातल्या 'निलोटिका'चा अर्थ 'नाइलकाठची'. नाव पडलं ते खऱ्या नाइलवरून, पण या नाइलच्या काठीही ती शोभून दिसते.) इथली पानं सकस, म्हणून झाड रसायनांऐवजी काट्यांवर भिस्त ठेवतं. खालचं गवत गोड, आखूड चरलेलं. इम्पाला हरणं इथेच घुटमळतात.

ही काटेरी रानं रुंद पानांच्या रानात तुकड्या-तुकड्यांनी आहेत, जणू जुन्या धोतराला लावलेली ठिगळं. खालचा खडक तर तोच. मग माती वेगळी का? त्या जागी लोहयुगातल्या त्स्वाना पशुपालकांच्या वस्त्या होत्या. तिथे मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आणि मातीत स्फुरदाचं प्रमाण आजूबाजूच्या कितीतरी पट निघालं.

कारण अगदी साधं आहे. गुरं दिवसभर दूरवर चरतात आणि रात्री एकाच कुंपणात बसतात. म्हणजे शेकडो हेक्टरांवरचं सत्त्व शेणाच्या रूपाने रोज एका लहानशा जागी येऊन पडतं. त्यातलं नत्र पुष्कळसं हवेत उडतं किंवा वाहून जातं. स्फुरद आणि चुना मात्र मातीला धरून राहतात. वस्ती उठते, कुंपण कुजतं आणि तिथे गोड गवत येतं. गवतासाठी हरणं येतात, चरता चरता लेंड्या टाकतात. गुरं जाऊन शतकं लोटली तरी त्यांचं काम हरणं पुढे चालवतात. केनियातल्या अशाच जागांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सर्वांत जुन्या गोठ्यांना तीन हजारांहून अधिक वर्षं झाली आहेत आणि हिरवळीचे डाग अजून कायम आहेत.

आता पाखरं. शनिवारी पहाटे आम्ही रुंद पानांच्या रानातून निघालो. बराच वेळ सामसूम. मग अचानक एक मिश्र थवा आला. काळे टिट, हिरव्या टोपीचे इवले वटवटे आणि पांढऱ्या तुऱ्याचे शिरस्त्राणी खाटीक, एकामागून एक झाडं चाळत गेले. पाच मिनिटांत पुन्हा सामसूम. पानं तुरट, किडे विखुरलेले. थव्याने हिंडून रान विंचरणं त्यांना परवडत असावं, असा माझा तर्क. पुढे पायवाट वळली, काटे सुरू झाले आणि आवाजच बदलला. निळ्या मुनिया जमिनीवर गवताचं बी टिपत होत्या. बाभळीच्या आत किरमिजी छातीचा खाटीक होता. वरून कोळशासारखा काळा, पंखावर पांढरी रेघ, खालून तापलेल्या लोखंडासारखा लाल. एक चातकही ओरडत गेला. आपल्याकडे तो सातभाईच्या घरट्यात निळं अंडं घालतो, दक्षिण आफ्रिकेत बुलबुलाच्या घरट्यात पांढरं. या सीमेवरून मी तीन दिवसांत सात वेळा ये-जा केली. किरमिजी खाटीक एकदाही काट्यांबाहेर दिसला नाही. पुतण्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, तुम्ही पक्षी बघताय की सातबारा?" प्रश्न रास्त होता.

शेजारच्या बोट्स्वानात तर जुनी गावं गवतावरून शोधली गेली. जेम्स डेनबो या पुरातत्त्वज्ञाच्या लक्षात आलं, की विमानातून काढलेल्या छायाचित्रांत टेकड्यांवर दिसणारे फिकट डाग म्हणजे एका विशिष्ट गवताची दाटी आहे आणि त्याखाली जुन्या गोठ्यांचं शेण आहे. १९७९ मध्ये त्याने ते मांडलं. ते गवत म्हणजे आपलं अंजन. पुणे-नगरकडच्या मेंढपाळाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

१६ डिसेंबरच्या सुट्टीबद्दल सांगायला हवं. १८३८ साली या तारखेला गोऱ्या स्थलांतरितांनी झुलू सैन्याचा पराभव केला, म्हणून वर्णभेदाच्या राजवटीत तो विजयाचा, नवसाचा दिवस होता. १९६१ साली हीच तारीख निवडून आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने सशस्त्र लढा सुरू केला. १९९५ पासून तो सलोख्याचा दिवस झाला. जुन्या शाळांत शिकवलं जाई, की गोरे आत शिरले तेव्हा देशाचा अंतर्भाग जवळजवळ रिकामाच होता. रिकाम्या जमिनीला मालक नसतो, ही त्यातली सोय. १९१३ च्या कायद्याने काळ्या बहुसंख्यांच्या वाट्याला सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. त्या 'रिकाम्या' जमिनीवर आज किरमिजी खाटीक जिथे गातो, तिथे कुणाचं तरी घर-अंगण होतं, हे मातीची परीक्षा करून कुणालाही पाहता येतं.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्या भाषेत गावाचे दोन भाग मातीच्या रंगावरूनच पडतात. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. राख, शेण, भिंतींचा चिखल पिढ्यानपिढ्या साचून वस्तीची माती पांढुरकी होते. ती खत म्हणून सकस असते, हे शेतकऱ्यांना पुरातत्त्वज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. गाड्या भरभरून पांढरी शेतात नेली गेली आणि त्यात कित्येक प्राचीन टेकाडं संपली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं, तेही अशाच टेकाडांवर. धनगरांचा कळप रात्री शेतात बसवून घ्यायचा आणि बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार तर आजही चालतो. त्स्वानांच्या कुंपणात जे आपोआप घडलं, ते इथे ठरवून, वावर बदलत होतं.

मात्र काळी-पांढरीच्या पलीकडच्या माळाला आपण दप्तरात 'पडीक' लिहून मोकळे होतो. इंग्रजांच्या हिशेबात जी जमीन सारा देत नाही ती वाया गेलेली. तो हिशेब अजून पुसलेला नाही. पडीक म्हटलं की तिथे रोपं लावायला किंवा कारखाना आणायला कुणाची हरकत उरत नाही. माळावर कुणाची मेंढरं किती पिढ्या बसत आली, हे कुणी विचारत नाही. तिथला धाविक आणि तिथलं अंजन त्यावर अवलंबून आहे का, हेही नाही.

महसुली दप्तरात उठून गेलेल्या गावांना 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. परतल्यावर मी शिरूर-दौंड भागातल्या अशा तीन बेचिराख जागा निवडल्या. दर महिन्याला एक सकाळ पांढरीवर आणि एक सकाळ लगतच्या माळावर, तेवढाच वेळ, तेवढंच अंतर चालतो. पाखरं, गवतं आणि लेंड्या, तिन्हींची नोंद ठेवतो. लेंड्या मोजणारा माणूस पाहून एका मेंढपाळाने पहिल्याच महिन्यात चौकशी केली. कळप कुठल्या वर्षी कुठे बसला होता, हे तो आता बोट दाखवून सांगतो आणि मी वहीत लिहून घेतो.