आमचा पावसाळा भाद्रपदातला

जून २०२३ मध्ये आमच्या पिंपळीत एक तरुण शिक्षिका नव्याने रुजू झाल्या. माहेर चिपळूणजवळचं. सामानात दोन छत्र्या, एक रेनकोट आणि घरातल्या घरात कपडे वाळवायची दोरी. तुकोबांची पालखी त्या वर्षी आमच्या रस्त्याने गेली तीही धुळीतच. महिनाअखेरीस बाई आमच्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काका, इकडे पाऊस कधी सुरू होतो? मुलांना पावसाळ्यावर निबंध घातला, तर अर्ध्यांनी वाऱ्यावरच लिहिलंय."

मी म्हटलं, "बाई, पोरांनी खरं तेच लिहिलंय."

आमचा जून-जुलै हा वाऱ्याचा काळ. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर उतरून तोच वारा पूर्वेकडे येतो तेव्हा तापलेला आणि कोरडा असतो. बारामती-इंदापूरच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर येतात. आषाढात आमच्या डोक्यावरून ढग रोज जातात, पण थांबत नाहीत. पडलीच तर भुरभुर.

मग आमचा पाऊस कोणता? एक वळवाचा, मे महिन्यातला. दुपारी आभाळ अंधारतं, विजा कडाडतात, झाडं मोडतात आणि तासाभरात सगळं शांत. दुसरा आणि खरा, भाद्रपदातला. पश्चिमेचा वारा मंदावला की तापलेल्या जमिनीवर ढग उभे चढू लागतात. उत्तरा आणि हस्त ही आमची भरवशाची नक्षत्रं. हस्ताला खेड्यात हत्ती म्हणतात. तो बरसला की जमिनीत ओल मुरते, वापसा आला की शाळू पेरायचा. पुढे थंडी आणि दव यांवर तो पोसतो. पौषात हुरडा खाताना आपण सप्टेंबरचा पाऊसच खात असतो.

माझे अब्बा हिजरी तारखेनं रोजे धरीत आणि नक्षत्रानं पेरणी करीत. चांद्र वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे तेहतीस वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. मी डिसेंबरच्या थंडीतले रोजे धरलेत आणि २०१९चे मे महिन्यातलेही, पारा चाळिशीपार असताना. या मातीचं ऊन जिभेनं मोजलंय, असं म्हणायला हरकत नाही.

"पण काका, इथे तर सगळीकडे ऊस दिसतो," बाईंची शंका रास्त होती. तो ऊस आमच्या आभाळाचा नव्हे. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला. १८८५च्या सुमारास त्याला पाणी आलं. भोरकडच्या डोंगरात पडलेला पाऊस भाटघरला साठतो आणि वीरवरून पाटाने आमच्याकडे येतो. म्हणजे पाऊस एकीकडे, पीक दुसरीकडे. पाटाखालचा शेतकरी आभाळाकडे कमी आणि आवर्तनाकडे जास्त बघतो. पण सुपे, मोरगावच्या जिरायत पट्ट्यात आजही सप्टेंबर कोरडा गेला की जनावरांसाठी चाऱ्याची चिंता सुरू होते. एकाच तालुक्यात असे दोन हंगाम नांदतात.

हे सगळं मी बाईंना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं. आणि आलं २०२५. २५ मे रोजी आभाळ असं कोसळलं की बारामती-इंदापुरात शेतांत, घरांत पाणी शिरलं. आमच्या पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला. ज्या पाटाने दुसऱ्याचा पाऊस आम्हाला सव्वाशेहून अधिक वर्षं आणून दिला, तो आमच्याच पावसात फुटला. त्याच दिवशी मान्सून तळकोकणात दाखल झाला होता. मृग निघायला अजून दोन आठवडे होते.

बाई सुट्टीत माहेरी होत्या. टीव्हीवर पाहून त्यांचा फोन आला. "काका, तुम्ही तर म्हणाला होता, पाऊस भाद्रपदात!"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. सरासरी पाचशे मिलिमीटर म्हणजे दर वर्षी पाचशे नव्हे, हे मला ठाऊक होतं. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांच्या हाताखाली मी वाढलो. पण कमी पावसाची भीती आम्हाला वारशाने मिळाली आहे. जास्त पावसाची नाही. आमचे बांध, नाले, घरांची जोती, सगळं तुटीच्या हिशेबाने रचलेलं. आता दोन्हींचा हिशेब शिकावा लागेल. ओढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतील आणि भाद्रपदासाठी बी राखूनही ठेवावं लागेल.

मी एवढंच म्हणालो, "बाई, जूनमध्ये येताना छत्री आणा. लागेलच असं नाही. पण आणा."