कँडी निघाली आपल्याच उसातून

आठवडी बाजारात पोरानं 'कँडी' मागितली की हा शब्द साहेबाच्या मुलखातला, असं तुम्हाला वाटत असेल. पण मंडळी, त्याचं मूळ आपल्याच उसात आहे.

संस्कृतात 'खंड' म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून केलेल्या खडेदार साखरेलाही तेच नाव पडलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाचे पदार्थ ओळीनं दिलेत: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे आपल्या काकवीचीच जात. हा 'खंड' फारसीत 'कंद' झाला, अरबीत 'कंदी', अन् फ्रेंचमधून इंग्रजीत गेला तो 'कँडी' होऊन. तोच 'कंद' परत आपल्याकडे आला गुलकंदात! गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. जमिनीतल्या कंदाशी त्याचा काही संबंध नाही.

'शर्करा'चंही तसंच. मूळ अर्थ वाळू, बारीक खडे. तिचीच आपल्याकडे 'साखर' झाली, फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', इंग्रजीत 'शुगर'. खडीसाखर म्हणताना आपण खड्यावर खडा ठेवतो, बघा!

शब्द जगभर फिरले, पण घरचे मात्र हरवू लागलेत. गुऱ्हाळ बंद पडलं की काहील, चुलवाण, गुळव्या हे शब्दही मुक्यानं जातात. उसाच्या गावातल्या पोराला 'कँडी' ठाऊक अन् 'काहील' नाही, ही गोष्ट बरी नव्हे. घरात जाणतं माणूस असेल, तर आजच त्याच्यापाशी पोरांना बसवा.