विश्लेषण : दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी लागली? अपिलात नवे वैद्यकीय पुरावे कसे द्यायचे?

समजा, लवासातल्या दासवे भागात माळीकाम करणारा एक जण आहे. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेलेली, दुसरा डोळा चांगला. वैद्यकीय मंडळाने प्रमाणपत्र दिले ते ३० टक्क्यांचे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान ४० टक्के लागतात, म्हणून पौडच्या तहसील कार्यालयात त्याचा अर्ज अडला. घरी ट्रंकेत पायाच्या जुन्या फ्रॅक्चरची फाईल पडून आहे. घोटा नीट वाकत नाही. पण तपासणीच्या दिवशी ती फाईल कुणी नेलीच नाही, कारण ‘डोळ्याचे काम’ होते. या फाईलचे आता काय करायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी योजनेची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाली आहे. म्हणजे चाळिशीच्या अलीकडे की पलीकडे, यावर वर्षाचे ३० हजार रुपये अवलंबून आहेत.

आधी दार कोणते ते ठरवा

सर्वात जास्त फेऱ्या इथेच वाया जातात. टक्केवारी ठरवणारे दार वेगळे आणि पैसे मंजूर करणारे वेगळे. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते. अनुदानाचा अर्ज तालुक्याच्या पातळीवर तहसील कार्यालयातून पुढे जातो. तहसीलदारांपुढे नवा एमआरआय ठेवला तरी ते ३० चे ४० करू शकत नाहीत, त्यांना तो अधिकारच नाही. उलट उत्पन्नाचा दाखला, वय (१८ ते ६५) किंवा महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य यावरून अर्ज अडला असेल, तर कितीही वैद्यकीय कागद जोडले तरी उपयोग नाही. लवासाच्या बांधकामासाठी बाहेरून आलेल्या आणि इथेच राहिलेल्या मजुरांची अडचण बऱ्याचदा वास्तव्याची असते, टक्क्यांची नव्हे. म्हणून नामंजुरीचे कारण लेखी मागावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम ५८ मध्ये प्रमाणपत्राची पद्धत आहे आणि कलम ५९ मध्ये त्या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क. अपील कोणाकडे आणि किती मुदतीत करायचे हे ठरवण्याचे काम कायद्याने राज्य सरकारवर सोपवले आहे. त्यामुळे प्रमाणपत्र किंवा नकाराचे पत्र हाती पडले की त्याच रुग्णालयात अपील प्राधिकारी आणि मुदत लेखी विचारून घ्यावी. मुदत उलटल्यावर चांगला पुरावाही दारातच थांबतो.

दिवाणी न्यायालयाच्या अपिलात नवा पुरावा सहसा घेतला जात नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. वैद्यकीय मंडळापुढे मात्र पुन्हा तपासले जाते ते शरीरच. कागद फक्त डॉक्टरांची नजर योग्य जागी नेतो. हा फरक लक्षात ठेवला की काय जोडायचे आणि काय नाही, हे बरेचसे उलगडते.

अपील की नव्याने तपासणी?

पहिल्या तपासणीच्या वेळी जे होते पण मंडळासमोर आले नाही, किंवा मोजताना चुकले, ते अपिलात मांडायचे. तपासणीनंतर प्रकृती बिघडली असेल तर पहिला निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. तिथे पुनर्तपासणीसाठी नवा अर्ज करणेच बरे.

कामगार विम्यात ही रेषा कायद्यानेच आखली होती. कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ च्या कलम ५५ नुसार, महत्त्वाची गोष्ट दडवली गेली किंवा चुकीची सांगितली गेली हे नव्या पुराव्याने दिसले, तर वैद्यकीय मंडळाला आपला निर्णय केव्हाही तपासता येत असे. दुखापतीचे परिणाम अनपेक्षितपणे आणि लक्षणीय वाढले असतील, तर टक्केवारीचाही फेरविचार होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पिरंगुटच्या कारखान्यात अपघात झालेल्या विमाधारक कामगाराने म्हणूनच आपले दार विमा महामंडळाचे, हे आधी ओळखावे.

कोणता कागद वजनदार?

आजाराचे नाव सांगणारा कागद हलका, शरीर काय करू शकत नाही हे मोजून सांगणारा कागद जड. कंबरेच्या एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते, पण मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना (४ जानेवारी २०१८ च्या, नंतर मार्च २०२४ मध्ये सुधारलेल्या) मोजतात ते सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि रोजच्या क्रिया. सांधा किती अंश वाकतो आणि स्नायूची ताकद ० ते ५ पैकी किती, हे लिहिलेला अस्थिरोगतज्ज्ञाचा किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाचा अहवाल म्हणूनच नुसत्या फिल्मपेक्षा उपयोगी पडतो.

कानाच्या बाबतीत ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार ध्वनींवरची सरासरी पाहतात. रुग्णाच्या प्रतिसादावर शंका असेल किंवा मूल लहान असेल तर बेरा तपासणी. मंडळाने पहिल्या वेळी ती केली नसेल तर अपिलात तीच मागावी. डोळ्यासाठी चष्मा लावून दिसणारी दृष्टी आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात. हे अनेकांना अन्यायाचे वाटते, पण मंडळाची ती चूक नसते. पक्षाघातासारख्या आजारात सहा महिने होण्याआधीचा कागद टक्केवारीसाठी फारसा कामाचा नाही, सहा महिन्यांनंतरचा हवा.

खासगी डॉक्टरांचे ‘७० टक्के अपंगत्व’ असे लेटरहेडवरचे पत्र लोक मोठ्या विश्वासाने नेतात. त्या आकड्याला कायदेशीर किंमत नाही. त्याच डॉक्टरांकडून मोजमापे लिहून घेतली असती तर बरे झाले असते, असे अशा वेळी वाटते.

दोन दिव्यांगत्वे असतील तर

आता दासव्याच्या माळीबुवांकडे परत. दोन दिव्यांगत्वे असतील तर टक्के सरळ बेरजेने वाढत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा. ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि मोठ्यात मिळवायचे. डोळ्याचे ३० आणि पायाचे मंडळाने २० धरले तर ३० अधिक (२० गुणिले ६० भागिले ९०), म्हणजे ४३.३. चाळिशी ओलांडली. पायाचे १० च धरले तर ३६.७ आणि अनुदान नाही. ट्रंकेतली फाईल कामाची आहे ती एवढ्यासाठी. अर्थात फ्रॅक्चर झाले होते हे सिद्ध करून भागणार नाही, घोटा आज किती वाकतो हे दाखवावे लागेल. शिवाय पायाचा दावा नवा असल्याने तो केवळ अपिलात न ढकलता, एकाहून अधिक दिव्यांगत्वांसाठी तपासणी व्हावी असे अर्जात स्पष्ट लिहावे.

कागद जमवायचे कसे?

ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथे लेखी अर्ज करावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पण नोंदी सांभाळण्याचे बंधन तीनच वर्षांचे, म्हणून उशीर करू नये. सरकारी मंडळाने आपल्याला कसे मोजले तो तपशीलही मागावा. सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात, तिथे मुदत ३० दिवसांची. तो तपशील पाहिल्याशिवाय अपील लिहिणे म्हणजे उत्तरपत्रिका न बघता फेरतपासणी मागण्यासारखे.

अर्जात एक पान पुरते : कोणता निष्कर्ष चुकला, कोणत्या तारखेचा कोणता अहवाल त्याविरुद्ध आहे, तो आधी का देता आला नाही. अहवालावर तारीख, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. मूळ प्रती आपल्याकडे ठेवून झेरॉक्स द्याव्यात आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. दासव्याहून टेमघर उतरून पिरंगुट, तिथून पौड किंवा पुणे असा जायचा-यायचा दिवस मोडतो. औंधचे जिल्हा रुग्णालय असो की ससून, तपासणीचा वार आधी विचारूनच निघावे.

अपीलही फेटाळले तर?

उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचादोषाच्या ४४-४५ टक्क्यांमुळे एमबीबीएस प्रवेश नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात नवे मंडळ नेमायला लावले, त्या मंडळाने तो शिकू शकतो असे सांगितले आणि प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, नुसता टक्का पाहून भागत नाही, व्यक्ती काय करू शकते याची कारणे मंडळाने नोंदवली पाहिजेत. प्रकरण प्रवेशाचे होते, अनुदानाचे नव्हे. तरी मंडळाच्या निर्णयात कारणेच लिहिलेली नसतील, तर वकिलाला दाखवायचा पहिला निकाल हाच.