बर्गरचा धूर, पुणे ते कोल्हापूर!

ग्रिलवर पॅटी चुरचुरते, चरबीचा थेंब निखाऱ्यावर टपकतो, भस्सकन जाळ उठतो आणि आपल्या तोंडाला पाणी सुटतं. त्याच क्षणी हवेत काय सुटतं, माहीत आहे का? पीएम 2.5, म्हणजे अतिसूक्ष्म कण!

किती? 2012 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसमधल्या संशोधकांनी हिशेब मांडला. एका पॅटीतून निघतात तेवढे कण सोडायला अठरा चाकी डिझेल ट्रकला हायवेवर 143 मैल धावावं लागतं. म्हणजे साधारण 230 किलोमीटर. पुण्याहून थेट कोल्हापूर! (ट्रक अमेरिकन, फिल्टरवाला. आपल्याकडच्या काळ्या भपकाऱ्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये.)

हवेतही कोलेस्टेरॉल असतं, माहीत आहे का? लॉस एंजेलिसच्या हवेत मांसाचा धूर किती, याचा माग त्यावरूनच काढता येतो, हे 1991 च्या एका अभ्यासाने दाखवलं. बर्गर खाणार शेजारी, कोलेस्टेरॉल हुंगणार आपण!

त्याच अभ्यासातला मसालेदार आकडा: साधा खिमा ग्रिल केला तर किलोमागे 40 ग्रॅम सूक्ष्म कण. कमी चरबीचा घेतला तर 7. तव्यावर परतला तर फक्त 1! व्हिलन कोण, ते कळलं ना? टपकणारी चरबी.

मग उपाय? 1997 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाने नियम काढला. फास्ट फूडवाल्यांच्या ग्रिलमध्ये पॅटी साखळीवर बसून आगीतून आपोआप सरकत जाते. आठवड्याला 875 पौंडांहून जास्त मांस भाजणाऱ्या अशा मशीनवर कॅटॅलिस्ट बसवा! जाळीदार ठोकळा, कारच्या सायलेन्सरकडे असतो त्याचाच भाऊबंद. गरम धूर त्यातून गेला की चिकट कण तिथेच जळतात. कणांमध्ये 83 टक्के घट. टाळ्या!

थांबा, टाळ्या आवरा. जास्त धूर सोडणारा भिडू वेगळाच आहे: उघडा ग्रिल, खाली आग, वर मांस. त्याचा धूर किचनच्या गार हवेत मिसळून वर जातो आणि कॅटॅलिस्टला तर धूर गरमच लागतो. मग पर्याय विजेचा: हजारो व्होल्टने कणांना चार्ज करायचं आणि धातूच्या प्लेट्सवर चिकटवायचं. एकदम हायटेक! फक्त त्या तेलकट प्लेट्स सतत घासाव्या लागतात. घासणार कोण? ज्याची ड्युटी त्याचं नशीब.

बीजिंगने भानगडच ठेवली नाही. 2013 मध्ये रस्त्यावरच्या 500 हून जास्त शेगड्या जप्त करून सरळ मोडून टाकल्या.

न्यूयॉर्कने लाकूड-कोळशावरच्या पिझ्झा भट्ट्यांना कण 75 टक्क्यांनी घटवायला लावायचं ठरवलं, तर 2023 मध्ये एका पठ्ठ्याने सिटी हॉलच्या फाटकावरून पिझ्झाचे तुकडेच आत भिरकावले. निषेध, एक्स्ट्रा चीज!

आणि आपली मुंबई? हायकोर्टाच्या जानेवारी 2025 च्या आदेशानंतर महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांना नोटिसा धाडल्या: 8 जुलैपर्यंत गॅस किंवा विजेवर या. कोळशाचा धूर त्याने जाईल. पण तंगडीची चरबी? ती गॅसवरही टपकतेच, राव!