पानाचा तांबडा उजेड

नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि कडाक्याच्या थंडीत सातपुड्यातल्या डाब, मोलगी भागात गवतावरचं दव गोठतं. शहादा-तळोद्याकडची पपई, पथाऱ्यांवर वाळायच्या आधीची मिरची, नवापूरची तूर यांना कधी ऊन छळतं, कधी गारठा. पान पिवळं पडलं की ते साऱ्यांना दिसतं. पण त्याआधीच आत बिघाड सुरू झालेला असतो, आणि तो हातात मावणाऱ्या एका यंत्राला कळू शकतो.

पानाने शोषलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात. काही प्रकाश अन्न तयार करण्याच्या कामी येतो, काही उष्णता होऊन जातो आणि जेमतेम एक-दोन टक्के तांबडा उजेड होऊन पानाबाहेर पडतो. हीच हरितद्रव्याची प्रतिदीप्ती. उन्हात ती आपल्याला दिसत नाही. मात्र पालक स्पिरिटमध्ये खलून गाळला आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला, की हिरवा अर्क लालभडक चमकतो. अर्कात प्रकाश कामाला लावणारी यंत्रणा उरलेली नसते, म्हणून ही चमक पानापेक्षा कितीतरी ठळक असते. शाळेत मुलांना हे जरूर दाखवावं.

अंधारातून उजेडात आणलेल्या पानाची ही चमक आधी झपाट्याने चढते आणि मग हळूहळू उतरते, हे जर्मन शास्त्रज्ञ हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये नोंदवलं. १९८६ च्या सुमारास उलरिक श्रायबर आणि सहकाऱ्यांनी चमकत्या-विझत्या मोजणी-प्रकाशाची पद्धत रुळवली. त्यामुळे भर उन्हातही पानाचा स्वतःचा उजेड वेगळा ओळखता येऊ लागला आणि यंत्र शेतात पोचलं.

मोजणी अशी होते. पानाला छोटा चिमटा लावून तेवढा भाग वीस-तीस मिनिटं अंधारात ठेवायचा. मग अगदी मंद प्रकाशात किमान चमक मोजायची आणि लगेच क्षणभर प्रखर झोत टाकून कमाल चमक. झोतामुळे कामाची वाट पूर्ण तुंबते, म्हणून चमक उसळते. समजा, किमान ३४० आणि कमाल २००० आली, तर फरक १६६०. त्याला २००० ने भागलं की ०.८३. निरोगी पानांत बहुतेकदा याच्या आसपासचा आकडा येतो. ब्यर्कमन आणि डेमिग यांनी १९८७ मध्ये अनेक वनस्पतींवर तो तपासला होता.

माझ्या मते खरी मेख मोजणीच्या वेळेत आहे. मे महिन्यात दुपारी दोनला आकडा घसरला, तर घाबरायचं कारण नाही. जास्तीचा प्रकाश उष्णता करून टाकणं हा पानाचा बचाव असतो. सूर्य उगवण्याआधी पुन्हा मोजावं. रात्रभरात आकडा सावरला असेल, तर झाडाने दिवस पचवला. पहाटेही तो खालीच असेल, तर आतली इजा भरून निघालेली नाही.

हा आकडा सगळं सांगतो असं मात्र मुळीच नाही. पाण्याचा ताण पडला की पान आधी पर्णरंध्रं मिटून घेतं. अन्ननिर्मिती मंदावते, तरी ०.८३ बराच काळ जागचा हलत नाही. म्हणून पाणी कधी द्यायचं हे केवळ त्यावरून ठरवू नये. मिरचीवरचा चुरडा-मुरडा विषाणूचा की फुलकिड्यांचा, हेही तो सांगणार नाही. शेडनेटमधल्या आणि उघड्यावरच्या मिरचीची तुलना करताना मात्र तो फार कामाचा. त्यासाठी वाण एकच हवा, पानं सारख्या वयाची हवीत आणि दोन्हीकडची मोजणी एकाच पहाटे व्हायला हवी.